वेंडेल प्रेथरची सँडविच-परीक्षा

डोव्हर रिज, इंडियाना
६ जुलै

प्रिय सिस,

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तुला ऐकू येत नाही आणि पक्षाघाताचा झटका आल्यापासून मला धड बोलता येत नाही. मागच्या वेळी मी जीव तोडून तुला सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी तू काय म्हणालीस? "राँग नंबर." सख्ख्या भावाला! तेव्हा आता कागदच बरा. उजवा हात शाबूत आहे. डावाही आहे, पण तो फक्त हजेरी लावतो, काम करत नाही.

बातमी अशी की माझी परीक्षा आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. डॉक्टर म्हणतात, मी एकटा राहू शकतो की नाही हे घरी येऊन बघावं लागेल. त्यासाठी हॉस्पिटलची केलसी नावाची पोरगी चौदा ऑगस्टला माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसणार. मी तिच्यासमोर शेगडी पेटवून काहीतरी गरम खायचं करायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुणाची मदत न घेता. जमलं तर मी माझ्या घरात. नाही जमलं तर माझ्या लेकीने, टोन्याने, लुईव्हिलला तिच्या घराजवळ एक वृद्धनिवास बघून ठेवलाच आहे. त्याचं चकचकीत पत्रक तिने माझ्या फ्रिजवर चिकटवलंय. त्यात चार म्हातारे सॅलडकडे बघून खदाखदा हसतायत. सॅलडमध्ये हसण्यासारखं काय असतं, मला कळलेलं नाही.

आता माझा गाढवपणा ऐक. केलसीने फोनवर विचारलं, "मिस्टर प्रेथर, काय बनवणार तुम्ही?" शेजारी टोन्या बसलेली. शहाणा माणूस म्हणाला असता, उकडलेलं अंडं. मी छाती फुगवून म्हणालो, "बीएलटी. बेकन, लेट्यूस आणि टोमॅटोचं सँडविच. आमची आई करायची तस्सं."

फोन झाल्यावर टोन्याने विचारलं, "डॅड, तू जन्मात कधी बेकन तळलंयस?"

"जन्मभर खाल्लंय," मी म्हणालो.

तुला तर ठाऊकच आहे. मार्लीन होती तोवर मार्लीन करायची. मार्लीन त्या डेंटिस्टचा हात धरून फ्लोरिडाला गेल्यापासून मायक्रोवेव्ह करतो. आईजवळ शेगडीपाशी तू उभी असायचीस. मी सिंकपाशी ताटली घेऊन. माझा अनुभव सगळा ताटलीच्या बाजूचा आहे.

तर शिकव मला. अगदी मूर्खाला शिकवतेस असं समजून लिही. तुला सवय आहे.

तुझा,
बब्बा


टूसॉन, ॲरिझोना
१३ जुलै

प्रिय बब्बा,

तू खरोखरच राँग नंबर होतास. मला वाटलं, कुणीतरी बादलीत तोंड घालून विमा विकतोय.

बीएलटी! अरे, अंडं सांभाळून घेतं माणसाला. थोडं कमी शिजलं, थोडं जास्त शिजलं, तरी अंडंच राहतं. या सँडविचमध्ये मात्र लपायला जागा नाही. इन मीन तीन जिनसा, आणि प्रत्येकीचे नखरे वेगळे. तू पहिल्यापासून असाच. पोहता येत नसताना पुलावरून उडी मारणारा. तेव्हाही केस धरून मीच बाहेर काढला होता.

लिहून घे. बेकन जाडसर घे, कागदासारखं नको. आईचा बिडाचा तवा तुझ्याकडेच आहे ना? तवा थंड असताना त्यात पट्ट्या मांडायच्या. थंड. मग खाली आच लावायची, तीही मंद. चरबी हळूहळू सुटते आणि बेकन तिच्या तिच्या चरबीतच तळलं जातं. तू तिथून हलायचं नाहीस, वर्तमानपत्र उघडायचं नाहीस, दारात कोण आलं बघायला जायचं नाहीस. एकदा उलटायचं, मग एकदा पुन्हा. कागदावर काढायचं. सुटलेली चरबी कॉफीच्या डब्यात ओतायची, सिंकमध्ये ओतलीस तर वर्षभर प्लंबरला पोसशील.

टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. मेलास तरी ठेवायचा नाही. खिडकीच्या कडेवर ठेव, देठ खाली करून. जाड चकत्या काप, मीठ-मिरपूड लावून थोडा वेळ पडू दे, मग वरचं पाणी टिपून घे. पाव साधा पांढरा, भाजलेला. मेयोनीज दोन्ही तुकड्यांना, पार कडेपर्यंत. कंजूषपणा करायचा नाही.

आणि एक सांगू? एवढा आटापिटा कशाला? मी इथे आहेच ना. कोरड्या हवेसाठी आले आणि मला एकदाही पस्तावा झाला नाही. पोहायचा तलाव आहे, गुरुवारी बिंगो असतो, कपडे धुऊन घड्या करून मिळतात. शेगडी नाही खोलीत, पण हवीय कुणाला? टोन्या तुझी वैरीण नाही, बब्बा. मुलगी आहे.

तुझी,
सिस


डोव्हर रिज
२१ जुलै

प्रिय सिस,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पण पहिला प्रयोग पत्र यायच्या आदल्या दिवशी केला, हे माझं दुर्दैव म्हण किंवा माझा स्वभाव म्हण.

मी असा विचार केला की बेकन कुरकुरीत हवं, म्हणजे तवा तापलेला हवा. तवा लाल व्हायचा तेवढा बाकी होता. त्यात मी अख्खं पाकीट उलटं केलं. सुटं करत बसायला दुसरा हात कुठाय? सिस, तो आवाज मी लष्करात असतानाही ऐकला नव्हता. धूर झाला. धुराची घंटा बोंबलायला लागली. मी खुर्चीवर चढून ती बंद करणार होतो, पण खुर्चीवर चढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून खालूनच टॉवेल हलवत राहिलो. पलीकडच्या डेल्बर्टने खिडकीतून बघितलं. त्याला वाटलं मी निरोप देतोय. त्याने अग्निशमन दलाला फोन केला.

आपल्या गावचं दल म्हणजे कोण? माझीच पोरं. तीस वर्षं मी त्या गाडीवर उभा राहिलो, निम्म्यांना पाइप धरायला मी शिकवलं. तीच गाडी घंटा वाजवत माझ्या अंगणात. रस्ता भरून माणसं.

"चीफ, जिवंत आहात का?"

"स्वयंपाक करतोय!" मी आतून ओरडलो. माझ्या जिभेची हल्लीची तऱ्हा बघता त्यांना काय ऐकू आलं देव जाणे, कारण दोघं दार तोडायच्या तयारीने धावले. दार उघडंच होतं.

शेवटी सगळे पायऱ्यांवर बसले आणि ते कोळशासारखं बेकन कुरतडत बसले. कुणी नावं ठेवली नाहीत, उलट जास्तच सांभाळून बोलत होते आणि तेच मला लागलं. मी सगळ्यांना शपथ घातली की टोन्याला कळता कामा नये. गाडी ठाण्यावर पोचायच्या आत टोन्याचा फोन आला.

आणखी एक. टोमॅटोबरोबर लेट्यूसही घरचाच असावा म्हणून मी जूनमध्येच परसात पेरला होता. तो उन्हाने कमरेएवढा उंच गेलाय, त्याला फुलं आलीत आणि पान चावलं तर औषध घेतल्यासारखं वाटतं. डेल्बर्ट म्हणतो, जूनमध्ये लेट्यूस लावणारा माणूस त्याने आजवर ऐकला नव्हता, आता शेजारीच राहतो याचा त्याला अभिमान आहे.

टोमॅटो हिरवेगार, दगडासारखे. परीक्षा तीन आठवड्यांवर.

बब्बा


टूसॉन
२८ जुलै

प्रिय बब्बा,

मी हे पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. मिसेस लुंडग्रेनला उचकी लागली, पाणी द्यावं लागलं. इथे आता तुझं नाव "चीफ" पडलंय. सगळी मंडळी पुढच्या पत्राची वाट बघतायत, तेव्हा जरा बारकावे लिहीत जा.

लेट्यूस आणि टोमॅटो एका ऋतूत येत नाहीत, वेड्या. आईसुद्धा लेट्यूस दुकानातूनच आणायची. गोल, घट्ट गड्डा आण, पानं धू आणि अगदी कोरडी कर. ओली पानं म्हणजे सँडविचचा लगदा. रचताना आधी पाव, मेयोनीज, मग लेट्यूस, त्यावर टोमॅटो, त्यावर बेकन. पानं मध्ये असली की टोमॅटोचं पाणी पावाला लागत नाही. एका हाताने टोमॅटो कापायला पाव कापायची दातेरी सुरी घे. डाव्या हाताने धरता येत नसेल तर तळहात नुसता वर ठेव, वजनाने धरेल. आई आजारी असताना अशीच करायची.

आता दुसरं. टोन्याचा मला फोन आला होता. ऐकायचं यंत्र लावून, आवाज पूर्ण मोठा करून मी ऐकलं. आगीची गाडी तिने काही हसण्यावारी नेलेली नाही. ती रडत होती, बब्बा. रात्री फोन वाजला की तिला वाटतं, तुझंच काहीतरी असणार. तू मला लिहितोस तेव्हा ती कैदाशीण असते, फ्रिजवर पत्रकं चिकटवणारी. मला फोनवर जी भेटली ती तशी नव्हती. एवढंच लिहिते.

काल इथे सकाळच्या नाश्त्याला "बेकन" होतं. टर्कीचं. मला माझ्या चपलेची आठवण झाली.

सिस


डोव्हर रिज
५ ऑगस्ट

प्रिय सिस,

मिसेस लुंडग्रेनला माझा नमस्कार सांग. आणि हे वाचताना तिच्याजवळ पाणी आधीच ठेव.

थंड तवा! आईशपथ, जादू आहे. काल पट्ट्या मांडल्या, खाली मंद आच लावली आणि चिमटा हातात घेऊन पहारेकऱ्यासारखा उभा राहिलो. आधी काहीच होईना. मग हळूच एक बुडबुडा. मग कडा वळायला लागल्या. मी तिथे उभा राहून चक्क कौतुक करत होतो, स्वतःचं. बाहेर आलं ते सोनेरी, सरळ आणि कुरकुरीत. त्या आनंदात मी डेल्बर्टला हाक मारायला दारात गेलो आणि परत येईपर्यंत टोस्टरमधला पाव काळा.

रोज सराव चालू आहे. सरावाचं उरलेलं टाकवत नाही म्हणून सगळं मलाच खावं लागतं. माझ्या डॉक्टरांनी मला बेकन पूर्ण बंद केलंय, तेच डॉक्टर मला बेकनची परीक्षा द्यायला लावतायत. परीक्षा पास होईन आणि तिच्या तयारीने मरेन, असं काहीसं दिसतंय.

टोमॅटो मात्र छळतायत. एकाच्या गालावर जरा लाली आली होती. मी रोज सकाळी त्याच्याशी बोलतो. डेल्बर्टचे पिकले. त्याने काल चार मोठे लालबुंद टोमॅटो पिशवीत घालून माझ्या पायरीवर ठेवले. न बोलता ठेवले म्हणून जास्तच राग आला. पिशवी तशीच परत त्याच्या पायरीवर ठेवून आलो. काठी टेकत गेलो आणि टेकत आलो, दमलो. आज सकाळी पिशवी पुन्हा माझ्या पायरीवर.

टोन्याबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. मी काय करू? ती आली की ओट्यावरून बोट फिरवून बघते, औषधांच्या गोळ्या मोजते, माझ्याशी अगदी हळू बोलते. झटका जिभेला आलाय, डोक्याला नाही, असं मी तिला सांगतो. पण तेच वाक्य नेमकं जिभेवर अडतं आणि तिला वाटतं डोक्यालाच आलाय.

मला इथून जायचं नाही, सिस. हे मी विनोद न करता लिहितोय. या घरात मी अडखळलो तर कुणी वाक्य पूर्ण करून देत नाही. पहाटे उठून ओल्या गवतात टोमॅटोपाशी जाता येतं. मला भीती वाटते की त्या सॅलडवाल्यांच्यात गेलो तर मीही हसायला लागेन.

बब्बा


टूसॉन
१० ऑगस्ट

बब्बा,

हे पोचेपर्यंत तुझी वेळ झालेली असेल, पण लिहिते.

डेल्बर्टचे टोमॅटो घे. नाक वर करू नकोस. परीक्षा सँडविचची आहे, तुझ्या शेतीची नाही. घाई करू नकोस. शेगडीपाशी असताना तोंड बंद ठेव. तू बोलायला लागलास की तुला जगाचा विसर पडतो, झटक्याच्या आधीपासूनच.

इथे सगळ्यांनी पैजा लावल्यात. मी तुझ्यावर लावलीय.

सिस


डोव्हर रिज
१४ ऑगस्ट

प्रिय सिस,

पास झालो! केलसीने कागदावर "स्वतंत्र राहण्यास सक्षम" असं लिहून सही केली. टोमॅटो माझाच होता, शेवटच्या क्षणी पिकला. घर माझं राहिलं. मिसेस लुंडग्रेनला सांग.

बब्बा


टूसॉन
२० ऑगस्ट

बब्बा,

पैज मी जिंकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी खोलीत येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं.

जळलेल्या बेकनवर दोन पानं लिहिणारा माणूस तू. लेट्यूसला फुलं आली तर त्यावर परिच्छेद. आणि जी परीक्षा जिंकायला महिनाभर धडपडलास तिच्यावर पोस्टकार्डाएवढा मजकूर? स्वतःची एक टर नाही, एक फुशारकी नाही. डेल्बर्टला टोमॅटो दाखवून जळवलंस की नाही, तेही नाही.

काय झालं?

सिस


डोव्हर रिज
२५ ऑगस्ट

प्रिय सिस,

लहानपणीही मी खोटं बोललो की तू असंच दोन शब्दांत विचारायचीस. बरं, ऐक. हे टेबलावर वाचून दाखवू नकोस.

केलसी आली. एवढीशी पोरगी, पोनीटेल, हातात पाटी आणि कागद. कोपऱ्यात टोन्या बसली, हात मांडीवर घट्ट धरून. मी नवा शर्ट घातला होता. सुरुवात झोकात झाली. थंड तवा, मंद आच, पट्ट्या सरळ रांगेत. मी तिथून हललो नाही. एक शब्द बोललो नाही. बेकन उलटलं, पुन्हा उलटलं, कागदावर काढलं. चरबी डब्यात ओतली, एक थेंब सांडला नाही. केलसी लिहीत होती आणि मान हलवत होती. तवा विजेच्या शेगडीच्या मागच्या थंड कॉइलवर सरकवला. पाठ वळवून टोमॅटो कापायला घेतला. तुझी तळहाताची युक्ती चालली. चकत्या जरा वाकड्यातिकड्या, पण चकत्याच.

मग केलसीने विचारलं, "मिस्टर प्रेथर, समजा तव्यातल्या चरबीने पेट घेतला, तर काय कराल?"

सिस, मला! तीस वर्षं ज्याने शाळाशाळांतून हेच सांगितलं, त्याला! मी सुरी खाली ठेवली. तू सांगितलेलं तोंड बंद ठेवायचं विसरलो. जीभही त्या दिवशी कशी कोण जाणे सुरळीत चालत होती. मी भाषणच ठोकलं. पाणी ओतायचं नाही. तवा उचलून पळायचं नाही. झाकण ठेवायचं. आणि बोट वर करून म्हणालो, "पण पोरी, सगळ्यात आधी, सगळ्यात आधी काय करायचं? शेगडी बंद करायची!"

माझ्या मागे शेगडी चालू होती. रिकामी कॉइल, लालभडक. मी ती बंद केलीच नव्हती. कागदी रुमालांची गुंडाळी मीच तिच्या कडेला ठेवली होती.

केलसी खुश झाली. मी सँडविच रचलं, मेयोनीज कडेपर्यंत, लेट्यूस मध्ये. अर्धं कापून तिच्यापुढे धरलं तर ती लाजून म्हणते, "मी मांस खात नाही." घे! महिनाभर मी बेकनशी कुस्ती खेळलो आणि परीक्षक शाकाहारी. मी तिला टोमॅटोची एक चकती मीठ लावून दिली. तिने ती खाल्ली आणि विचारलं, "हा कुठला?" मी खिडकीकडे बोट दाखवलं, आणि ती उठून कडेवरचे टोमॅटो बघायला गेली.

तेवढ्यात टोन्या उठली. शेगडीवरून हात घालून वरच्या फळीवरची ताटली काढली आणि जाता जाता कोपराने बटण फिरवलं. गुंडाळी उचलून टेबलावर ठेवली. मी वळलो तेव्हा तिचं कोपर अजून तिथेच होतं. आमची नजरानजर झाली. माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सिस. राग असता तर मी तिच्याशी भांडलो असतो. ती घाबरली होती, केलसीने बघितलं की काय म्हणून.

"डॅड, मिठाची बरणी कुठाय?" ती म्हणाली. बरणी तिच्यासमोर होती.

तिला मला तिकडे न्यायचंय असं मी उन्हाळाभर तुला लिहीत आलो. त्यासाठी तिने नुसतं खुर्चीवर बसून राहिलं असतं तरी पुरलं असतं. केलसीने सही केली, टोन्या गाडीत बसून गेली. दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. आणि मी "सक्षम" माणूस माझ्या घरात बसलोय. तेव्हापासून शेगडी पेटवलेली नाही. थंड डबे उघडून खातो. जिंकलेल्या माणसाने काय करायचं असतं ते मला सांग.

बब्बा


टूसॉन
३१ ऑगस्ट

प्रिय बब्बा,

वाचून दाखवलं नाही. खोलीत, दार लावून वाचलं.

आता तू माझं ऐक. मी कोरड्या हवेसाठी इथे आलेले नाही. किटली गॅसवर ठेवून मी बागेत गेले आणि गप्पा मारत बसले. पडदे गेले, अर्धी भिंत गेली. मी तुला लिहिलं की पडदे बदलले. माझ्या स्वयंपाकघरात कोपर लावायला कुणी नव्हतं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि मी तलाव आणि बिंगो यांचं गुणगान करायला शिकले. बिंगो मला आवडत नाही. कधीच आवडला नाही.

मी तुला काय करायचं ते सांगणार नाही. जन्मात पहिल्यांदाच सांगत नाहीये, नीट बघून घे. तिने जे केलं ते एकदाच करता येतं, एवढं तुलाही कळतंय. नाहीतर तू डबे उघडून खाल्ले नसतेस.

सिस


डोव्हर रिज
१६ सप्टेंबर

प्रिय सिस,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी शेगडीची बटणं उपटली. चारही. ओढली की निघतात, ही सोय मला इतकी वर्षं माहीत नव्हती. त्यांच्याशिवाय शेगडी पेटत नाही, मी चिमट्याने प्रयत्न करून खात्री केली. हो, केला प्रयत्न. मी काही संत नाही.

बटणं एका मोज्यात घातली. रविवारी टोन्या आली तेव्हा मोजा तिच्या हातात दिला. "हे तुझ्याकडे ठेव. शनिवारी येशील तेव्हा घेऊन ये. बेकन मी तळीन, तू नुसती बस. बाकीचे दिवस मायक्रोवेव्ह आणि डेल्बर्टच्या बायकोच्या हातचं."

तिने मोजा उघडून आत बघितलं. मोजा पर्समध्ये टाकला, फ्रिजवरचं ते सॅलडवालं पत्रक काढलं, त्याची घडी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

आणि काल शनिवार. मी सकाळपासून तयारी करून बसलो होतो. बिडाच्या तव्यात पट्ट्या मांडलेल्या, लेट्यूस धुऊन कोरडा, टोमॅटो कापून मीठ लावलेला. शर्टही तोच परीक्षेचा. टोन्या तासभर गाडी चालवून आली. मी चिमटा उगारून म्हणालो, "आण बटणं."

तिने पर्समध्ये हात घातला. मग दुसरा हात घातला. मग पर्स टेबलावर उपडी केली. किल्ल्या, कंगवा, दुकानाच्या पावत्या, अर्धं चॉकलेट. मोजा नाही. बटणं लुईव्हिलला, तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर. मुद्दाम आठवणीने समोर काढून ठेवली होती म्हणे.

मी केलसीसारखा खुर्चीवर ताठ बसलो, पाटी म्हणून ताटली हातात घेतली आणि विचारलं, "मिस प्रेथर, आज कोणता वार आहे? आपलं संपूर्ण नाव सांगता का?"

ती हसायला लागली. हसता हसता ओट्याला टेकली आणि रडायला लागली, मग परत हसायला. झटका आल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मी उठून तिच्याजवळ गेलो.

कच्चं बेकन तव्यात तसंच राहिलं. आम्ही पावाला मेयोनीज लावलं, लेट्यूस घातला, टोमॅटो घातला, आणि दोघं सिंकवर वाकून उभ्याउभ्या खाल्लं. कोपरापर्यंत रस ओघळत होता.

"डॅड," ती तोंड भरलेलं असताना म्हणाली, "हे केलसीला सांगू नकोस हं."

"नाही सांगणार," मी म्हणालो. "तू तरी कुठे सांगितलंस?"

ती चावायची थांबली. माझ्याकडे बघितलं. मग दातेरी सुरी उचलून तिने दुसरा टोमॅटो कापायला घेतला.

तुझा,
बब्बा